पाच महिन्यांचा कोन्युर चावतोय, आणि खेळणी कोणती द्यावीत?

केतकी_प
नमस्कार मंडळी. महिन्याभरापूर्वी आमच्याकडे ग्रीन चीक कोन्युर (छोट्या पोपटाची एक जात) आला आहे. नाव पिस्ता, वय साधारण पाच महिने. ब्रीडरकडून रीतसर कागदपत्रांसह घेतला. हाताने भरवून वाढवलेला आहे, आता स्वतःचं स्वतः खातो. आला तेव्हा अगदी शहाणं बाळ होतं. आता मात्र आम्हाला त्याचं काही कळेनासं झालंय.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे चावणं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या हातावर बसतो, गाल घासतो, आणि मधेच कचकन चावतो. परवा रक्त आलं. मी स्वयंपाकघरात गेले की कान फाटतील असा ओरडतो, परत आले की गप्प. रात्री डोळे मिटून बसला की चोचीतून करकर आवाज येतो, तो कशाचा? कधीकधी पंख थरथरवत, मान खालीवर करत लहान पिल्लासारखा चिवचिवतो, तेव्हा त्याला भूक लागली असते की आजारी असतो, तेही समजत नाही.

लेकीने वाढदिवसाच्या पैशांतून त्याच्यासाठी खेळण्यांचा सेट आणलाय. त्यात पितळी घुंगरांची साखळी, आरसा, रंगीत सुती दोराचा झोका, प्लास्टिकच्या कड्यांची माळ आणि मऊ कापडाचा छोटा तंबू आहे. अजून पिंजऱ्यात काही लावलेलं नाही, आधी इथे विचारावं म्हटलं. नुसता सेट समोर धरला तरी तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. लेक हिरमुसली आहे. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, दिवसा आई घरी असतात. अनुभवी लोकांनी जरा मार्गदर्शन करा.

रानपाखरू
केतकी, आधी मनावरचं ओझं उतरव. पिस्ता बिघडलेला नाही, पाच महिन्यांचं पिल्लू जे करतं तेच तो करतोय. माझ्याकडे गेली बरीच वर्षं कोन्युर आहेत, प्रत्येकाने हा काळ दाखवला.

पोपटांना वस्तू कळते ती चोचीने आणि जिभेने. कडक आहे का, सोलते का, हलते का, हे चोचीत धरल्याशिवाय त्यांना समजत नाही. फांदीवर पाऊल टाकतानाही आधी चोच टेकवून फांदी भक्कम आहे ना ते बघतात. तू बोट पुढे केलंस आणि त्याने चोच पुढे आणली, तर बहुतेक वेळा तो फक्त आधार तपासत असतो. आपण घाबरून हात मागे घेतो, आधार हलला म्हणून तो आणखी घट्ट धरतो, आणि रक्त येतं. म्हणून हात पुढे केलास की स्थिर ठेव. निम्मं चावणं तिथेच थांबेल.

उरलेलं निम्मं म्हणजे खरं 'नको' असतं, आणि ते तो आधी सांगतो. डोळ्याकडे बघ. बाहुली झपाझप लहानमोठी होते. हे आनंदातही होतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यावर जाऊ नको, बाकीचं अंग बघ. मानेवरची पिसं फुललेली, शेपटी पसरलेली, अंग पुढे झुकलेलं आणि अचानक स्तब्ध झालेलं, असं सगळं एकत्र दिसलं की हात पुढे करायचा नाही, थोडं थांबायचं. लेकीच्या बाबतीत काय होत असेल याचा मला अंदाज आहे. तो गाल घासतो, ती लाडाने पाठीवरून, पंखांवरून हात फिरवत राहते. कोन्युरला कुरवाळायचं ते फक्त डोक्यावर आणि मानेवर. पाठ, शेपटीचं बूड, पंखांखाली हात फिरवला की मोठ्या पक्ष्यात जोडीदाराची भावना जागी होते, आणि पिल्लू नुसतं गडबडून जातं. 'आता बस' हे सांगायला त्याच्याकडे चोच सोडून दुसरं काय आहे?

करकर आवाज झोपेआधीचा असेल तर आनंद मान. चोचीचे वरचे आणि खालचे भाग एकमेकांवर घासतात, पक्षी निवांत असला की हे करतो. पंख थरथरवत चिवचिवणं म्हणजे भरवून घेण्याची मागणी. नव्या घरी आलेली पिल्लं काही दिवस मागे जातात, खाता येत असूनही भरवा म्हणतात. कोमट मऊ भात, उकडलेला लाल भोपळा चमच्याने दे. वजन नीट असेल तर काळजी नाही, पण वजन खरोखर करून बघ.

ओरडण्याबद्दल रात्री सविस्तर लिहिते.

भटक्या
आमच्या शेजारच्या दादांकडे सन कोन्युर आहे. तो चावला की ते चोचीवर हलकी टिचकी मारतात किंवा तोंडावर फुंकर घालतात. म्हणे लगेच सोडतो. करून बघा.

रानपाखरू
भटक्या, रागावू नका, पण हे कृपया कोणी करू नका. सोडतो तो घाबरून. दोनचारदा टिचकी बसली की हाताचीच भीती बसते, आणि मग डोळे, पिसं या खुणा न देता तो थेट चावायला लागतो, कारण खुणा करून काही मिळालं नाही हे तो शिकलेला असतो. ओरडायचंही नाही. काही पिल्लांना आपला मोठा आवाज म्हणजे गंमत वाटते, ती तो आवाज ऐकायला पुन्हा चावतात.

चावला तर चेहरा शांत ठेवायचा, त्याला जवळच्या दांडीवर उतरवायचं, मिनिटभर दुसरीकडे बघायचं, आणि मग चोचीला कुरतडता येईल असं काहीतरी द्यायचं. पिंजऱ्यात कोंडून शिक्षा करायची नाही. पिंजरा ही त्याची हक्काची, सुरक्षित जागा राहिली पाहिजे.

भटक्या
रागावण्यासारखं काही नाही, ताई. त्या दादांनाही हे दाखवतो. पक्षी हल्ली हात बघितला की मागे सरकतो असं ते स्वतःच म्हणत होते.

पशुवैद्य_नाशिक
लावायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. मी पक्षी तपासतो, त्यामुळे खेळण्यांमुळे झालेले प्रकार जवळून बघतो. तुमच्या सेटमधल्या एकेक वस्तूबद्दल सांगतो.

घुंगरू लावू नका. त्याच्या फटीत पायाचं बोट किंवा चोचीचं टोक अडकतं, आणि पक्षी झटापट करून पाय मोडून घेतो. शिवाय पितळेत जस्त असतं. पोपट धातू नुसता चाटत नाही, कीस काढून गिळतो. जस्त आणि शिसं हे पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे मोठे शत्रू. शिसं जुन्या रंगात, पडद्याच्या खालच्या वजनात, मासेमारीच्या गळाच्या वजनात, खिडकीच्या रंगीत काचांच्या जोडात असतं. जस्त गॅल्वनाइज्ड जाळी, स्वस्त साखळ्या, कड्या, किचेन यांत असतं. विषबाधा झाली की पक्षी सुस्त होतो, ओकतो, शी गर्द हिरवी किंवा पाण्यासारखी होते, पायातलं बळ जातं, झटके येतात. एक्सरेत धातूचे तुकडे दिसू शकतात आणि वेळेत आलात तर उपचार आहेत, पण पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, त्यामुळे बहुतेक जण उशिरा येतात.

अनेक जण लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटला नाही तर स्टेनलेस समजतात. त्यावर विसंबू नका. पितळ, जस्ताच्या ओतीव कड्या यांनाही चुंबक चिकटत नाही. आणि गॅल्वनाइज्ड लोखंडाला चिकटतो तो आतल्या लोखंडामुळे. हार्डवेअरच्या दुकानात ३०४ किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. खेळणी अडकवायला स्क्रूची बंद कडी घ्या. चावीची दुहेरी रिंग आणि स्प्रिंगचा हुक नको, दोन्हींत चोच सापडते.

तंबू परत करा. त्याचे धागे पक्षी खातात, ते गळपिशवीत गोळा होऊन अडकतात. दुसरं कारण वागणुकीचं आहे. अंधारी, मऊ, बंदिस्त जागा म्हणजे त्याच्या लेखी घरटं. आता पिल्लू आहे म्हणून काही दिसणार नाही. वर्षादीडवर्षात वयात आला की त्या तंबूची राखण करत चावायला लागेल, आणि मादी असली तर अंडी घालत सुटेल. तिथे कॅल्शियम संपून अंडं अडकण्याचा धोका असतो.

दोराचा झोका चालेल, पण अटींवर. लोंबतं टोक इतकं आखूड हवं की मानेभोवती फास बसू शकणार नाही. रोज नजर टाकायची, धागे सुटायला लागले की कात्रीने कापायचे, आणि दोर पिंजला की टाकून द्यायचा, पैसे गेले म्हणून हळहळायचं नाही. नायलॉन अजिबात नको. त्याचा एक बारीक धागा बोटाला गुंडाळला तर रात्रीत बोट काळं पडतं.

प्लास्टिकची कडी तोडून बघा. टणक आणि जाड असेल तर ठीक. कडकन तुटून धारदार तुकडे होत असतील तर नको. कोणत्याही कडीचा एक नियम पाठ करा. भोकात डोकं जाणारच नाही इतकी लहान, नाहीतर अख्खा पक्षी आरपार जाईल इतकी मोठी. मधल्या मापात गळा अडकतो.

मनू
आरसा राहिला डॉक्टर!

पशुवैद्य_नाशिक
हो. आरशाने लगेच इजा होत नाही, पण मी देऊ नका असंच सांगतो. एकट्या पक्ष्याला त्यात सोबती दिसतो. तो त्याला भरवायला बघतो, ओकून देतो, त्याच्यासाठी भांडतो, आणि घरातल्या माणसांपासून तुटत जातो. पाच महिन्यांच्या पिल्लाने माणसांशी जुळवून घ्यावं हेच तर आपल्याला हवं आहे.

केतकी_प
बापरे, म्हणजे सेटमधला झोका सोडला तर काहीच उरलं नाही. लेकीला कसं सांगू? आणि मग लावू तरी काय? दुकानात तर हेच सगळं मिळतं.

इंद्रायणी
केतकीताई, लेकीला नवं काम द्या. आमच्याकडे दोन्ही मुलं पक्ष्यांची खेळणी स्वतः बनवतात आणि विकतच्या एकाही खेळण्याला ती मजा नाही.

आपल्या घरात, बाजारात खजिना पडलाय. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण आणा, मशीनवर दाबून आतून प्लास्टिक लावलेले नकोत, हाताने टाचलेले. टाचायच्या काड्या आधी काढून टाका. द्रोणात दोनतीन सूर्यफुलाच्या बिया, एक शेंगदाणा टाकायचा, वरून दुसरं पान मुडपून बंद करायचं आणि पिंजऱ्याच्या जाळीत खोचायचं. आमची काकातुई, म्हणजे कोकाटील हो, सकाळी आधी पानाला कान लावल्यागत मान वाकडी करून बघते, मग एका कडेने पट्ट्या काढत जाते, आणि बी हाती लागलं की शीळ घालते. खाली सगळा पालापाचोळा. तो झाडताना मला बरं वाटतं, कारण तेवढा वेळ तिने स्वतःच्या चोचीने मिळवून खाल्लेलं असतं.

मक्याच्या कणसाची सालं वाळवून त्यांच्या गाठी मारा. नवीन आइसक्रीमच्या काड्या, रंग न दिलेल्या. नारळाची करवंटी, आतलं खोबरं खरवडून, उकळून, वाळवून, भोक पाडून टांगायची. बाहेरच्या शेंड्या मात्र पूर्ण घासून काढा, ते धागे नकोत. साधा पुठ्ठा ज्यावर चकचकीत छपाई, टेप, स्टेपलर पिन नाही. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. पेरूची फांदी तर सोनं. सालीसकट द्यायची, तो तासन्‌तास सोलतो. फवारणी न केलेल्या झाडाची बघा, घासून धुवा, कडक उन्हात वाळवा.

रानपाखरू
इंद्रायणीला शंभर टक्के अनुमोदन. आणि फांदी सोसायटीच्या बागेतली कुठलीही उचलू नका. कण्हेर सगळीकडे लावलेली असते आणि ती जीवघेणी आहे, लाल, पिवळी दोन्ही. धोतरा, रुई, शेर हेही नको. पेरू, कडुलिंब, बांबू यांच्या पलीकडे जायचं तर आधी झाड नक्की ओळखता आलं पाहिजे.

मला या धाग्यावर एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. कोन्युरचं खेळणं टिकलं तर ते फुकट गेलं. रानात त्याचा निम्मा दिवस खाणं शोधण्यात, साल सोलण्यात, शेंगा फोडण्यात जातो. आपण वाटीत दाणे भरून ठेवतो, पाच मिनिटांत त्याचं काम संपतं, आणि उरलेला दिवस त्या चोचीने करायचं काय? मग लेकीची बोटं, शर्टाची बटणं, कीबोर्ड, आणि काहीच नाही मिळालं तर स्वतःची पिसं. चावण्यावरचा आणि ओरडण्यावरचा मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा इलाज म्हणजे चोचीला रोज मोडतोड करायला काम देणं.

ओरडण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. हे पक्षी थव्यात राहणारे. थवा नजरेआड झाला की 'कुठे आहात?' अशी हाक देतात आणि उत्तर येईपर्यंत देत राहतात. तू स्वयंपाकघरात गेलीस की तो तेच करतो. एक ठरावीक शीळ ठरव आणि तो ओरडायच्या आधीच, जाता जाता घाल. घरात सगळ्यांनी, आजींनीही, तीच शीळ घालायची. तो हळू आवाजात बोलला की लगेच उत्तर द्यायचं. किंचाळला तर त्या क्षणी धावत जायचं नाही, श्वास घ्यायला थांबला की जायचं. सकाळ संध्याकाळचा दहापंधरा मिनिटांचा दंगा मात्र कुठलाही पोपट करणारच, तो बंद करायच्या मागे लागू नका.

झोप किती मिळते त्याला? त्यांना दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. हॉलमध्ये पिंजरा, अकरापर्यंत टीव्ही, असं असेल तर संध्याकाळी तो चिडका होणारच.

केतकी_प
अगदी तेच आहे! पिंजरा हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. आजपासून रात्री आठला आईंच्या खोलीत हलवते.

नवीन वस्तू बघून घाबरतो त्याचं काय करू?

रानपाखरू
पोपटांना नव्या वस्तूची भीती वाटतेच, रानात तीच त्यांना जगवते. खेळणं थेट पिंजऱ्यात टांगलंस तर त्याला पळायला जागा उरत नाही. आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव, त्याला दिसेल असं. लेकीला त्याच्या समोर बसून त्या खेळण्याशी खेळू दे, पान फाडू दे, बी काढून खाल्ल्याचं नाटक करू दे. दुसऱ्याला मजा येतेय हे दिसलं की यांना राहवत नाही. मग रोज थोडं जवळ. तो अंग चोरतो ते अंतर लक्षात ठेव आणि त्याच्या अलीकडेच थांब. पिंजऱ्यात लावताना आधी खालच्या बाजूला लाव, कारण झोपायच्या वरच्या दांडीजवळ नवं काही दिसलं तर तो रात्री बिथरतो.

एकावेळी चारपाच खेळणी पुरेत. पंख पसरायला जागा उरली पाहिजे. दर आठवड्याला दोनेक बदल, जुनी महिन्याने परत आण.

सातारकर
वाचून बरं वाटलं. आमच्या लहानपणी वाड्यात राघू असायचा, त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची. तो घरातल्या सगळ्यांना नावाने हाक मारायचा. आता नातवासाठी एक राघूचं पिल्लू आणावं असं मनात आहे. गावाकडे एक जण आणून देतो म्हणतोय. यातलं सगळं त्यालाही लागू होईल का?

पशुवैद्य_नाशिक
काका, नमस्कार. कळकळीने सांगतो, राघू आणू नका. लाल कंठीचा आपला हिरवा पोपट, मोठा पहाडी पोपट, लालडोक्याचा तोता, हे सगळे आपल्या रानातले पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पाळणं गुन्हा आहे. आपल्या लहानपणी घरोघर असायचे हे खरं. पण हे पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढलेलं असतं. ढोल्या फोडल्या जातात, हाती लागलेल्यांपैकी बरीच पिल्लं प्रवासातच मरतात, आणि पुढच्या हंगामात ती ढोली घरट्याच्या कामाची राहत नाही. गावातला तो माणूस पिल्लं काढत असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येतं.

कुणाकडे आधीपासून राघू असेल तर त्याने खिडकी उघडून सोडून देऊ नये. माणसाळलेला पक्षी बाहेर कावळ्यांच्या, मांजरांच्या तावडीत सापडतो. तोही वन विभागाकडेच द्यावा.

नातवासाठी बजरीगार किंवा कोकाटील घ्या. हे दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले, पिंजऱ्यात पैदास झालेले मिळतात. कोन्युरचं मात्र वेगळं आहे. तो साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, मालक बदलला तरी कळवावं लागतं. केतकीताई, तुमची नोंद तुमच्या नावावर झाली आहे ना, एकदा तपासा.

सातारकर
समजलं, डॉक्टर. ढोलीचं मला ठाऊक नव्हतं. नातवाला घेऊन आता नदीकाठी जाईन, संध्याकाळी थवे येतात तिथे. मिरचीचं मात्र सांगा, द्यायची की नाही?

पशुवैद्य_नाशिक
मिरची खुशाल द्या, ज्यांच्याकडे पाळीव पक्षी आहेत त्यांनी. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपली जीभ भाजते त्याची जाणीव त्यांना होत नाही. अ जीवनसत्त्वही मिळतं. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यांत त्याचीच कमतरता दिसते. मोड आलेले मूग, गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, चांगल्या पेलेट्स (पक्ष्यांसाठीचं तयार दाणेदार खाद्य), आणि बिया फक्त बक्षीस म्हणून. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा, खारवलेलं काहीही नको.

इंद्रायणी
फ्लॅटवाल्यांनी खेळण्यांइतकंच घराकडे बघा. छताचा पंखा! पक्षी बाहेर असताना तो बंद, आणि बटणावर चिकटपट्टी लावा म्हणजे आलेला पाहुणा सवयीने चालू करणार नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या थराचा वायू निघतो, आपल्याला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. आमच्या घरात बिडाचा तवा आणि स्टीलच्या कढया आहेत. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, रूम फ्रेशनर, यांच्या धुराने आणि वासाने त्यांची फुप्फुसं पटकन बिघडतात. देवघर हॉलमध्ये असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत. दिवाळीत खिडक्या बंद.

मनू
पंख कापून टाकले तर पंख्याची भीतीच नाही ना? विकणारे सगळे तेच सुचवतात.

रानपाखरू
मनू, पाच महिन्यांच्या पिल्लाचे तर मुळीच नाही. उडायला, वळायला, उतरायला ते याच वयात शिकतं. ज्याला उडून दूर जाता येतं तो चावत कमी, कारण नको असलं तर उडून जाणं त्याच्या हातात असतं. पंख कापलेल्याला चावण्यावाचून पर्याय राहत नाही. शिवाय कापल्यावरही वाऱ्याच्या झोतात तो बाल्कनीतून लांब जाऊ शकतो, आणि परत मात्र येऊ शकत नाही. खिडक्यांना जाळी लावा, दारं बघून उघडा.

केतकी_प
सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं सांगते काय काय झालं.

परिवेशवर नोंद तपासली, माझ्या नावावर आहे. पिंजरा आईंच्या खोलीत गेला, संध्याकाळची चिडचिड कमी वाटतेय. दुकानदाराने तंबू आणि घुंगरू परत घेतले. त्या पैशांत लेकीने स्टेनलेसच्या कड्या आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणला. पिस्ता सकाळी ६८ ग्रॅम भरला. हे ठीक आहे ना?

आणि द्रोण! पहिला द्रोण लेकीने तिच्या अभ्यासाच्या टेबलावर फाडला, तो पिंजऱ्याच्या दारातून मान काढून बघत होता. दोन दिवस नुसता बघत होता. मग टेबलावर उतरला, लांबूनच एक कड चोचीने ओढली, दचकून मागे पळाला, परत आला, पुन्हा ओढली. पान फाटल्याचा आवाज झाला तसा त्याने सगळी पिसं झटकली आणि थेट द्रोणात डोकं घातलं. आता द्रोण दिसला की उड्या मारतो.

लेकीच्या हातावर येताना अजून कधीकधी चावतो. तिला काय शिकवू?

रानपाखरू
वा, लेकीचं खास कौतुक! आता तिच्या हातात एक लांब काडी दे, आइसक्रीमचीच चालेल. काडीच्या टोकाला त्याने चोच लावली की 'छान' म्हणायचं आणि सूर्यफुलाची एक बी द्यायची. बस, एवढंच. तीनचार मिनिटांत खेळ थांबवायचा, तो अजून करायला उत्सुक असतानाच. एकदा काडीमागे यायला शिकला की काडी अशी धरायची की तिथे पोचायला त्याला तिच्या दुसऱ्या हातावर पाय ठेवावा लागेल. हात त्याच्या पोटावर दाबून 'ये ये' करायचं नाही. तो आला तर बी, नाही आला तर राग नाही. सूर्यफूल वाटीतून बंद कर, म्हणजे बक्षिसाला किंमत राहील.

एक लक्षात असू दे. पुढच्या काही महिन्यांत पहिल्यांदा पिसं झडतील. डोक्यावर, मानेवर नवी टोकदार बोंडं येतात, ती दुखरी असतात. त्या दिवसांत नेहमीच्या जागी खाजवलं तरी तो चावेल. लेकीला आधीच सांगून ठेव, म्हणजे तिला वाटायचं नाही की सगळं शिकवलेलं वाया गेलं. फवाऱ्याने कोमट पाणी उडवलं की त्याला आराम पडतो.

पशुवैद्य_नाशिक
६८ ग्रॅम उत्तम. या जातीत ६० ते ८० मध्ये सहसा सगळे बसतात, पण आकड्यापेक्षा त्यातला बदल महत्त्वाचा. रोज सकाळी, शी झाल्यावर, खाण्याआधी, एकाच वेळी मोजा आणि वहीत लिहा. नेहमीच्या वजनाच्या दहा टक्के कमी झालं, म्हणजे त्याच्या बाबतीत सहासात ग्रॅम, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी हलणं, ही दोन दिसली तर वजन करत बसू नका, आधी निघा. आणि नेताना पिंजऱ्यातला कागद शीसकट सोबत आणा.

भटक्या
शेजारच्या दादांनी पत्रावळीचं केलं. सन कोन्युरने पहिल्याच दिवशी फाडली. त्यांचा प्रश्न आहे, एकटा आहे म्हणून दुसरा आणावा का?

रानपाखरू
आधी या एकाचं हातावर येणं सुरळीत होऊ द्या. दुसरा आला म्हणून पहिला चावायचा थांबत नाही, उलट दोघांची जोडी जमली तर माणूस परका होतो. तरीही आणायचाच असेल तर नव्या पक्ष्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा, डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि पिंजरे दोन घ्या. पत्रावळीही दुप्पट लागतील.